कपाटातलं रिव्हॉल्व्हर तुझ्या नावावर करण्याआधी

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. तू दोन गोष्टी विचारल्या आहेस. काका या वयात परत नेमबाजीच्या रेंजवर का जायला लागले, आणि मळ्यातल्या घराचा कारभार तू बघणार असशील तर रिव्हॉल्व्हरचं लायसन तुझ्या नावावर करून मिळेल का. दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला, किंवा हत्यार त्याच्याकडे पंचवीस वर्षं असलं, की वारसाच्या नावावर करण्यासाठी अर्ज करता येतो. मी दोन्हींत बसतो. पोलिसांची चौकशी होईल, हत्यार हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला लागेल, तू एकवीस पूर्ण आहेसच. पण पहिलं उत्तर ऐकल्याशिवाय मी सही करणार नाही.

मी सराव सोडला त्यानंतर बावीस वर्षं ते कपाटातच होतं. दिवाळीला तेल लावायचं, निवडणुकीची आचारसंहिता लागली की ठाण्यात जमा करायचं, निकालानंतर पावती दाखवून परत आणायचं. आपल्याकडे हत्यार आहे, म्हणजे घर सुरक्षित आहे, असं मी इतकी वर्षं मनाशी धरून चाललो. मागच्या वर्षी इतक्या काळाने पहिल्यांदा रेंजवर उभा राहिलो आणि सहातल्या दोन काडतुसांचा नुसता 'टक्' असा आवाज आला. काडतुसं जुनी, ओल धरलेली. ज्या भरवशावर मी झोपत होतो, तो एवढाच होता.

इथेच एक शिकून ठेव. काडतूस उडालं नाही तर नळी लक्ष्याकडेच धरून ठेवायची आणि तीस आकडे मोजायचे. कधीकधी ते उशिरा उडतं. आणि आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर तिथेच थांबायचं, हत्यार रिकामं करून नळी तपासायची. गोळी आत अडकलेली असताना दुसरी झाडली तर नळी फुटते.

मग डोळे. तरुणपणी माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, मला सुईच्या टोकासारखी दिसायची. आता चष्मा जवळच्या-लांबच्या एकत्र काचांचा. माशी स्पष्ट दिसावी म्हणून मान मागे टाकावी लागते, आणि मान मागे गेली की खांदे, मनगट सगळंच बिघडतं. शेवटी चष्मेवाल्याकडे हात लांब करून डोळ्यापासून माशीपर्यंतचं अंतर सुतळीने मोजलं. सत्तर सेंटिमीटर भरलं. त्या अंतरासाठी उजव्या डोळ्याची वेगळी काच करून घेतली. आता माशी स्वच्छ दिसते, लक्ष्य थोडं पुसट दिसतं, आणि तसंच असायला हवं.

बोटांचंही तेच. आपलं कानपूरचं .३२, बिजागरीवर मोडून उघडणारं. घोडा, म्हणजे काडतुसावर आपटणारी मागची हातोडी, आधी न चढवता चाप ओढायला जोर लागतो, आणि माझ्या अंगठ्याचा सांधा सुजतो. घोडा चढवून घेतला की चाप हलका होतो, म्हातारा माणूस त्याच मोहात पडतो. घरात, अंधारात, घाबरलेल्या हातात घोडा चढवलेलं रिव्हॉल्व्हर नको. नुसत्या दचकण्याने ते उडू शकतं. म्हणून तीन महिने मी सकाळी रबरी चेंडू दाबत बसलो. तुझी काकू म्हणायची, पोळ्यांची कणीक मळा, तोच व्यायाम होईल. तीही मळली.

काडतुसं महाग, आणि त्यांचा कोटा ठरलेला. त्यामुळे खरी मेहनत रिकाम्या हत्यारावर. माझी पद्धत अशी: काडतुसांचा डबा दुसऱ्या खोलीत, दार बंद. रिव्हॉल्व्हर उघडून सहाही घरं डोळ्यांनी बघायची आणि बोटानेही चाचपायची. समोर वाळूची पोती रचलेली भिंत. आत खोटी काडतुसं. नळीवर रुपयाचं नाणं ठेवायचं आणि ते न पडता चाप मागे आणायचा. रोज पंधरा वेळा, जास्त नाही. दमलेला हात चुकीचंच शिकतो. संपलं की संपलं, 'अजून एकदा' म्हणून परत उचलायचं नाही. बरेच अपघात त्या 'अजून एकदा'नेच होतात.

आता जे कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगतो. परत सराव सुरू करण्याचं खरं कारण हे आहे.

रेंजवर परत जायच्या आधीची गोष्ट. त्या आठवड्यात शेतीपंपाची थ्री-फेज लाईट रात्रपाळीला होती. रात्री दोनच्या सुमाराला कुत्रं भुंकलं. खिडकीतून बघितलं तर उसाच्या कडेने बॅटरी हलत होती, घराच्या दिशेने येत होती. डोळ्यांवर चष्मा नव्हता. मी कपाट उघडलं, रिव्हॉल्व्हर भरलं, मागचं दार उघडून ओट्यावर आलो आणि हात वर केला. बोट चापावर होतं. त्याने हाक मारली, "आबा, मोटर बसली, फ्यूज बघाय पाहिजे."

आपला पाणी पाजणारा गडी. त्याच्या दोन पोरींची लग्नं मी माझ्या हाताने लावली आहेत.

रिव्हॉल्व्हर खाली ठेवलं आणि ओट्यावर बसून राहिलो. त्याला काहीच कळलं नाही, फ्यूज घालून तो निघून गेला. मी सकाळपर्यंत बसलो होतो. मला नेम धरता येत होता, पण बाकीचं काहीच येत नव्हतं. बाहेर जायचंच कशाला, समोर कोण आहे ते ओळखल्याशिवाय नळी का उचलायची, चापावर बोट का ठेवायचं.

म्हणून आता घरात ठरलं आहे: आवाज आला की सगळ्यांनी मधल्या खोलीत यायचं, दार आतून लावायचं, ११२ ला फोन करायचा, अंगणातले दिवे आतून लावायचे, मोठ्याने हाक मारायची. रिव्हॉल्व्हर त्या दाराच्या आतच राहील. ते फोडून कुणी जिवावर उठलं तरच. बोट चापाबाहेर, नळीच्या कडेला सरळ. रात्रपाळीच्या आठवड्यात कोण पाणी द्यायला येणार ते संध्याकाळीच विचारून ठेवायचं, आणि त्याने घराकडे येताना आधी फोन करायचा. या शेवटच्या गोष्टीने जेवढं रक्षण होतं तेवढं रिव्हॉल्व्हरने कधी झालेलं नाही.

कायदाही हेच सांगतो. भारतीय न्याय संहितेतली ३४ ते ४४ ही कलमं नीट वाच. स्वसंरक्षणाचा हक्क आहे, पण गरजेपुरताच. पळून जाणाऱ्या चोराच्या पाठीवर गोळी झाडणं त्यात बसत नाही. आणि उद्या कुणा पाहुण्याने लग्नात हवेत बार काढायचा आग्रह केला तर तिथून सरळ निघून ये. २०१९ च्या दुरुस्तीने त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवलं आहे, आणि हवेत गेलेली गोळी कुठेतरी खाली येतेच.

तू शाळेत एनसीसीला होतीस. एअर पिस्तूलने दहा मीटरवर सुरुवात कर, शहरात क्लब आहेत. कोल्हापूर म्हणजे राही सरनोबत आणि तेजस्विनी सावंत या नेमबाजांचं गाव आहे, शिकवणारी माणसं इथे कमी नाहीत. वर्षभर नियमित गेलीस की अर्ज आपण दोघं मिळून भरू.

येत्या रविवारी सकाळी सातला ये. बंद बूट घाल, गळाबंद शर्ट घाल, उडालेल्या काडतुसाचं गरम टोपण कधीकधी उडून गळ्यातून आत पडतं. कानाचं नि डोळ्यांचं संरक्षण माझ्याकडे जादा आहे. टेबलावर रिव्हॉल्व्हर उघडं आणि रिकामं ठेवलेलं असेल. ते मी सांगतो म्हणून मानू नकोस, आल्याआल्या स्वतः तपास.

तुझा,
काका