कानबाईची तिकिटं रद्द करू नका

"एसएसएटीच्या सराव चाचणीत मुलाला फक्त 58 पडले. म्हणून यंदाची अमळनेरची तिकिटं रद्द केली, उन्हाळाभर क्लास लावला आणि सासूबाईंना सांगितलं की व्हिडिओ कॉलवर त्याच्याशी अहिराणी बोलू नका, इंग्रजी बिघडतं."

न्यू जर्सीच्या ताई, तुमची धास्ती कळते हो. आपण सगळी दहावीच्या टक्क्यांवर तोलली गेलेली माणसं. पण सासूबाईंना गप्प बसवलंत आणि कानबाईची, आपल्या खानदेशातल्या देवीच्या सणाची, तिकिटं रद्द केलीत, हे काही बरं केलं नाही.

आधी ते 58. एसएसएटी म्हणजे अमेरिकेतल्या खासगी शाळांची प्रवेश परीक्षा. ते टक्के नव्हेत, पर्सेंटाइल आहे. गेल्या तीन वर्षांत अमेरिका आणि कॅनडात त्याच इयत्तेतल्या ज्या मुलांनी ही परीक्षा दिली, त्यांच्याशी केलेली ती तुलना. आणि ही परीक्षा देतं कोण? खासगी शाळांच्या मागे लागलेल्या घरांतली, तयारी करून आलेली मुलं. त्या घोळक्यात तुमचा सहावीतला पोरगा निम्म्याहून वर आहे. आणि तुम्ही म्हणता "फक्त"!

"व्हर्बलमध्येच घसरतो," म्हणजे शब्दांच्या भागात, असं लिहिलंय तुम्ही. तिथे 30 मिनिटांत 60 प्रश्न, निम्मे समानार्थी शब्दांचे, निम्मे दोन गोष्टींमधलं नातं ओळखायचे. शब्दांसाठी रोज इंग्रजी पुस्तक वाचू दे, त्याला पर्याय नाही. पण नातं ओळखायला डोकं कुठल्याही भाषेत तयार होतं. खापराचं मांड्याशी जे, ते तव्याचं पोळीशी: आजीच्या चुलीपाशी बसलेल्या पोराला हे वेगळं शिकवावं लागत नाही. दोन भाषा बोलल्याने तिसऱ्या भाषेच्या पेपरात गुण कमी होतात, हे तुम्हाला कुणी सांगितलं? क्लासवाल्यानेच ना?

माझी धाकटी सुट्टीत धुळ्याला माझ्या आईकडे असायची. दिवसभर अहिराणी, "जेवना का रे" पासून भांडणापर्यंत. या परीक्षेत 25 मिनिटांचं लेखनही असतं. त्याला गुण नसतात, पण लिहिलेलं जसंच्या तसं शाळेकडे जातं. मिडल लेव्हलला, म्हणजे तुमच्या मुलाच्या वयाच्या पेपरात, गोष्टीच्या दोन सुरुवाती देतात, एक घेऊन पुढे लिहायचं. माझ्या लेकीने त्या गोष्टीत कानबाईच्या नैवेद्याचे रोट आणले, रात्रभर जागणारी गल्ली आणली, दुसऱ्या दिवशी नदीवर निघालेल्या बायका आणल्या. मुलाखतीला शाळेच्या बाई तेवढ्यावरच विचारत बसल्या. उलट माझ्या जावेच्या मुलाने शब्दांच्या चिठ्ठ्यांचा ढीग पाठ केला होता, आणि लिहायची वेळ आली तेव्हा त्याला सुचेना. (जाऊ हे वाचते. वाचू दे.)

कानबाई श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी. तुमच्याकडच्या शाळा सप्टेंबरात उघडतात आणि खासगी प्रवेशाच्या परीक्षा मुख्यतः त्यानंतर, हिवाळ्यापर्यंत. मग अडतंय कुठे? सरावाचं पुस्तक बॅगेत टाका. सकाळी ओट्यावर तासभर गणित, बाकी दिवस आजीचा.

उरलेल्या शंका थोडक्यात. एसएसएटी की आयएसईई ही तशीच दुसरी प्रवेश परीक्षा, हे शाळेलाच विचारा, बऱ्याच शाळा दोन्ही घेतात. 2020 नंतर कित्येकांनी परीक्षा ऐच्छिक केली आहे, तेही तिथेच कळेल. आयएसईईत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. एसएसएटीच्या मिडल लेव्हलला पाव गुण जातो. पाचातले दोन पर्याय खात्रीने खोडता आले तर ठोकून द्यावं, काहीच कळत नसेल तर पुढे जावं.

"मिस्टर म्हणतात, सरकारी शाळा काय वाईट?" बरोबर म्हणतात. त्यांच्याशी तुम्हीच बोला.

आणि फीच्या मदतीचा अर्ज प्रवेश मिळायची वाट न बघता प्रवेश अर्जाबरोबरच भरा. त्याची तारीख बहुधा वेगळी असते, आणि ती चुकली तर वर्षभर पूर्ण फी भरायची वेळ येऊ शकते.