गाडीचा ठरलेला भाव शोरूमने फिरवला तर

प्रश्न : मी जुळे सोलापूर भागात राहतो आणि नोकरी करतो. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात शहरातील एका शोरूममध्ये पेट्रोलवरची छोटी मोटार बुक केली. एक्स-शोरूम किंमत (म्हणजे नोंदणी, वाहनकर आणि विमा सोडून) ८,४५,००० रुपये, त्यावर ३०,००० रुपये रोख सूट आणि हे सगळे खर्च मिळून ऑन-रोड ९,५५,००० रुपये, असा व्यवहार ठरला. २५,००० रुपये भरल्याची पावती माझ्याकडे आहे. त्याच संध्याकाळी विक्री प्रतिनिधीने व्हॉट्सॲपवर ‘सर, फायनल ९.५५ ऑन-रोड, २८ तारखेला डिलिव्हरी’ असे लिहून पाठवले. त्या तारखेला गाडी आलीच नाही. जानेवारीत, गड्ड्याची यात्रा सुरू असताना फोन आला की गाडी आली आहे, पण ४८,५०० रुपये जास्त लागतील. कंपनीने भाव वाढवला त्याचे १२,०००, डिसेंबरची स्कीम संपली म्हणून ३०,००० आणि हँडलिंगचे ६,५००, असा त्यांचा हिशेब आहे. तो प्रतिनिधी नोकरी सोडून गेला असून त्याने काय कबूल केले ते आम्हाला ठाऊक नाही, असे व्यवस्थापक सांगतात. माझी जुनी गाडीही २,१०,००० रुपयांना त्यांनाच द्यायची ठरली आहे. मी काय करावे?

उत्तर : प्रथम व्यवस्थापकांच्या शेवटच्या वाक्याकडे पाहू, कारण ग्राहक बहुधा तिथेच गप्प बसतो. शोरूममध्ये टेबलामागे बसून, शोरूमच्या नावाचे कोटेशन देऊन, शोरूमच्याच खात्यात पैसे भरून घेणारा माणूस ग्राहकाच्या दृष्टीने शोरूमच असतो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २३७ नुसार, प्रतिनिधीला अधिकार आहे असा समज मालकाने स्वतःच्या वागण्याने करून दिला असेल, तर प्रतिनिधीने अधिकाराबाहेर जाऊन दिलेला शब्दही मालकाला बांधून घेतो. प्रतिनिधी आज कोठे नोकरी करतो, हा आपला प्रश्न नाही. करार तोंडीही होऊ शकतो; आपल्याकडे तर पावती आणि लेखी निरोप दोन्ही आहेत.

आता ४८,५०० या आकड्याकडे वळू. ही एकच रक्कम आहे असे समजून भांडू नका, कारण तिच्यात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या आहेत आणि तिन्हींवर आपली बाजू सारखी मजबूत नाही.

सर्वांत कमकुवत बाजू १२,००० रुपयांची आहे. बहुतेक बुकिंग फॉर्मच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ‘डिलिव्हरीच्या दिवशी असेल ती किंमत लागू राहील’ अशी अट छापलेली असते आणि आपण तिच्याखालीच सही केलेली असते. आपला फॉर्म काढून ती ओळ आहे का, ते आधी पाहा. ती असली तरी विषय लगेच संपत नाही. मोटार कंपन्या जानेवारीत भाव वाढवतात हे नवीन नाही, आणि २८ डिसेंबरची तारीख शोरूमनेच दिली होती. त्या दिवशी गाडी मिळाली असती तर जुनाच भाव लागला असता. म्हणजे वाढीचा बोजा आपल्यावर पडला तो त्यांच्या उशिरामुळे. (पौषात नवी गाडी नको म्हणून घरच्यांनीच डिलिव्हरी पुढे ढकलली असती, तर मात्र हा मुद्दा लंगडा पडला असता.) शिवाय गाडीचा चॅसिस क्रमांक (सांगाड्यावर कोरलेला ओळख क्रमांक) आणि उत्पादनाचा महिना लेखी मागा, तसेच कंपनीने ती गाडी शोरूमला कोणत्या तारखेला बिल केली तेही विचारा. गाडी डिसेंबरात जुन्या दराने शोरूमच्या नावावर आलेली असेल, तर हे १२,००० रुपये कंपनीकडे जाणार नसून शोरूमच्या गल्ल्यात राहणार आहेत, हे उघड होईल. हा प्रश्न कागदावर आला की व्यवस्थापकांचा सूर पुष्कळदा बदलतो.

कराची गोष्ट याहून वेगळी आहे. वस्तुविक्री कायदा, १९३० च्या कलम ६४-अ मागचे तत्त्व असे की करार झाल्यानंतर विक्रीवरील कर वाढला तर वाढ ग्राहकाने द्यावी आणि कमी झाला तर फायदाही ग्राहकालाच मिळावा, जर करारात निराळे काही ठरले नसेल तर. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल मोटारींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, त्या सुमारास बुकिंग केलेल्यांना या तत्त्वाचा उपयोग होता. आपल्या व्यवहारात कर बदललेला नाही; त्यामुळे ‘सरकारने वाढवले’ असे कोणी म्हणाल्यास ते मान्य करू नका.

३०,००० रुपयांच्या सुटीवर मात्र ठाम राहा. ‘स्कीम ३१ डिसेंबरपर्यंतच’ ही अट आपल्याला आलेल्या निरोपात नाही, आणि कोटेशनवरही ती नसेल तर ती आज मागून चिकटवता येणार नाही. ही सूट कंपनीने द्यायची की शोरूमने स्वतःच्या नफ्यातून, हा त्या दोघांमधला हिशेब आहे. सूट दाखवून बुकिंग घ्यायचे आणि नंतर ती काढून घ्यायची, याकडे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अनुचित व्यापारी प्रथा म्हणून पाहू शकतो.

हँडलिंगचे ६,५०० रुपये देऊ नका. गाडी कारखान्यातून शोरूमपर्यंत आणण्याचा आणि तिथे सांभाळण्याचा खर्च एक्स-शोरूम किमतीतच आलेला असतो. आरटीओची फी आणि वाहनकर यांच्या सरकारी पावत्या मिळतात. या रकमेची तशी पावती कोणीही दाखवू शकणार नाही. विमाही शोरूममधूनच घ्यावा अशी सक्ती त्यांना करता येत नाही, हे जाता जाता लक्षात ठेवा. दुसऱ्या कंपनीचा दर काढून आणला की तिथेही बऱ्याचदा काही हजार सुटतात.

पुढची पावले टाकताना पहिली काळजी जुन्या गाडीची घ्या. नव्या गाडीचा भाव लेखी नक्की होईपर्यंत ती त्यांच्या आवारात नेऊन उभी करू नका आणि मालकी हस्तांतरणाच्या २९ व ३० क्रमांकाच्या कोऱ्या फॉर्मवर सह्या करून देऊ नका. जुनी गाडी एकदा त्यांच्या दारात गेली की बोलणी बरोबरीची राहत नाहीत.

त्यानंतर शोरूमच्या मालकांच्या नावे एक पानी पत्र लिहा. बुकिंगची तारीख, पावतीचा क्रमांक, निरोपातील मजकूर जसाच्या तसा, कबूल केलेली डिलिव्हरीची तारीख आणि आज मागितलेली जादा रक्कम एवढेच त्यात असावे. राग आणि इशारे नसावेत. ९,५५,००० रुपयांत गाडी पंधरा दिवसांत द्यावी, अशी मागणी करून पत्र पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा आणि तेच कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेलने कळवा. डीलरने कबूल केलेल्या भावाची जबाबदारी कंपनी सहसा स्वतःवर घेत नाही, पण वरून आलेल्या फोनला शोरूम मान देते. व्हॉट्सॲपचा संवाद त्या मोबाइलवरून पुसू नका. पुढे तो पुरावा म्हणून द्यायचा झाल्यास भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडणे हिताचे ठरते.

पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. ही हेल्पलाइन निकाल देत नाही, मध्यस्थी करते. परंतु आपल्यासारखी प्रकरणे अनेकदा तिथेच मिटतात. न मिटल्यास सोलापूरच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येते. आपण जिथे राहता तिथे तक्रार करण्याची सोय २०१९ च्या कायद्याने दिल्यामुळे शोरूम किंवा कंपनीचे कार्यालय कोठे आहे याने फरक पडत नाही. प्रत्यक्ष दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, पाच ते दहा लाखांपर्यंत २०० रुपये आहे. वकील देणे बंधनकारक नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. कायद्यात निकालासाठी तीन महिने सांगितले असले तरी प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो, ही तयारी ठेवावी.

गाडीची निकड असल्यास रक्कम भरून गाडी घेण्याचा मार्गही मोकळा आहे. तसे करताना पैसे बँकेमार्फतच द्या आणि ‘जादा रक्कम हरकत नोंदवून, हक्क राखून भरत आहे’ असे त्याच दिवशी ईमेलने कळवा. डिलिव्हरीच्या गडबडीत, रिबीन लावलेल्या गाडीपुढे घरच्यांचा फोटो काढला जात असताना, ‘व्यवहाराबद्दल पूर्ण समाधानी आहे’ असा फॉर्म सहीसाठी पुढे येतो. त्यावर सही करू नका, किंवा हरकतीची ओळ स्वतःच्या हाताने लिहून मग सही करा. माझे मत विचाराल तर ३०,००० आणि ६,५०० यांसाठी आयोगापर्यंत जावे. १२,००० रुपयांवर, बुकिंग फॉर्मवर ती अट असेल तर, तडजोड करण्यात कमीपणा नाही.

प्रश्न : भाव वाढवल्यामुळे मी बुकिंग रद्द केले. शोरूम म्हणते, बुकिंगची रक्कम परत मिळत नाही. हे बरोबर आहे का? (बार्शी)

उत्तर : ग्राहकाचे मन बदलले म्हणून बुकिंग रद्द झाले, तर फॉर्मवरील अटीनुसार वाजवी कपात मान्य करावी लागते. ठरलेला भाव शोरूमने मोडला असेल, तर करार त्यांनीच मोडला, आणि स्वतःच्या चुकीवर त्यांना आपली रक्कम जप्त करता येणार नाही. मात्र रद्द करण्याच्या अर्जावर ‘वैयक्तिक कारणामुळे’ असे लिहू नये. ‘किंमत वाढवल्यामुळे’ असेच लिहावे. तयार छापील अर्जात पहिले कारण आधीच भरलेले असल्यास ते खोडावे.

प्रश्न : जुन्या गाड्यांच्या एका विक्रेत्याला १०,००० रुपये टोकन दिले. दोन दिवसांनी त्याने तीच गाडी जास्त भावाने दुसऱ्याला विकली. गाडी परत मिळवता येईल का? (पंढरपूर)

उत्तर : ज्याने आपल्या व्यवहाराची माहिती नसताना पैसे मोजून गाडी घेतली, त्याच्याकडून ती काढून घेणे जवळजवळ अशक्य आहे. टोकन परत मिळवणे आणि तशीच गाडी दुसरीकडे घेताना जो जादा भाव द्यावा लागला त्याची भरपाई मागणे, एवढे कायद्याने शक्य आहे. वस्तुविक्री कायद्याचे कलम ५७ त्यासाठीच आहे. तेवढ्यासाठी त्याच महिन्यातील, त्याच मॉडेलच्या आणि त्याच वर्षाच्या गाड्यांच्या जाहिराती तारखेसह जपून ठेवा. आपल्या पावतीवर नुसते ‘गाडीपोटी १०,०००’ लिहिलेले असेल तर कोणती गाडी आणि कोणत्या भावाला, हे सिद्ध करणे अवघड जाईल. त्यामुळे पुढच्या वेळी नोंदणी क्रमांक, चॅसिस क्रमांक, पूर्ण भाव आणि व्यवहार पुरा करण्याची तारीख लिहून घेतल्याशिवाय टोकन देऊ नये.