वाचकांचे प्रश्न : लिस्बनमधला सोमवार

प्रश्न : एप्रिलअखेर आईबाबांना घेऊन पोर्तुगालला जातोय. सोमवारी लिस्बनच्या बेलें भागातला जेरोनिमुश मठ आणि वास्को द गामाची कबर, मंगळवारी सिंत्रा. पेना राजवाड्याचं साडेदहाचं तिकीट काढलंय. बाबांचे गुडघे दुखतात. बेत जमेल का?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : सोमवारी मठ बंद असतो. १ मेलाही बंद, म्हणजे मुक्काम लांबला तर तोही दिवस गेला. बेलें बुधवारी ठेवा. सोमवारी शहरातच कार्मुचा मठ पाहा. १७५५ च्या भूकंपात त्याचं छप्पर कोसळलं. आज चर्चच्या मधल्या भागावर आभाळाखाली नुसत्या कमानी उभ्या आहेत.

बेलेंला १५ नंबरची ट्राम जाते. मठापाशी रांगा दोन असतात : चर्चची वेगळी, आतल्या चौकाची वेगळी. चौकाला तिकीट लागतं. कबर चर्चमध्ये आहे, दारातून शिरल्यावर लगेच डाव्या हाताला. गामा १५२४ मध्ये कोचीत वारला; अस्थी पुढे पोर्तुगालला नेल्या. जुन्या गोव्यातलं बॉम जेझसचं उघडं जांभ्याचं बांधकाम तुम्ही पाहिलं असेलच. इथला दगड चुनखडीचा, फिकट, आणि त्यावर जहाजाच्या दोरखंडांचं कोरीवकाम. घाई असली तरी चौक चुकवू नका, खरी कारागिरी तिथेच आहे.

आता सिंत्रा. तिकिटावरची वेळ राजवाड्याच्या दाराची असते, बागेच्या फाटकाची नव्हे. बहुतेकांची गाडी इथेच चुकते. उशीर झाला की आत सोडत नाहीत. पणजीला निघताना चोर्ला घाटाचा वेळ आपण वेगळा धरतो, तसाच इथला चढ धरा. रोसियु स्टेशनवरून आठच्या सुमाराची गाडी घ्या. सिंत्रा चाळीस मिनिटांवर. स्टेशनबाहेरून ४३४ नंबरची बस वर जाते, पण तिला रांग असते, त्यामुळे फाटकाशी पोचायला साडेनऊ होतील. तिथून दारापर्यंत अर्ध्या तासाची चढण. बाबांसाठी फाटकापासून वर नेणारी बागेतली छोटी बस घ्या. तिचं तिकीट वेगळं असतं, ते राजवाड्याच्या तिकिटाबरोबरच काढून ठेवा.

चपला नकोत. लिस्बनच्या पायवाटा लहान गुळगुळीत दगडांच्या आहेत, पावसाची सर आली की पाय सटकतो. रबरी तळाचे बूट आणि बाबांच्या हातात काठी.