साखर चिकटते, जडते आणि मुरते

देवगडच्या एका वाचकाने विचारलंय : वडिलांच्या मधुमेहाच्या रिपोर्टवर ‘ग्लायकोसिलेटेड हिमोग्लोबिन’ छापलंय. घरात समजावताना ‘शर्करीकरण झालेलं हिमोग्लोबिन’ म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. मुळात रिपोर्टवरचाच शब्द चुकलाय, आणि ही चूक मी गावोगावच्या लॅबच्या कागदांवर बघतोय. ग्लायकोसिलेशन म्हणजे पेशीने एन्झाइम लावून, नेमक्या जागी साखर जोडणं. ते शरीराला हवंच असतं. इथे एन्झाइमचा हात नाही. रक्तात ग्लुकोज जास्त राहिलं की ते आपसूक हिमोग्लोबिनसारख्या प्रथिनाला धरतं. हे ग्लायकेशन. भांड्याला मुद्दाम केलेली कल्हई आणि विळीवर चढलेला गंज, एवढा दोन्हींत फरक आहे.

‘शर्करीकरण’ तर व्याकरणातच आपटतं. शुद्धीकरण म्हणजे अशुद्धाला शुद्ध करणं. त्या चालीने शर्करीकरण म्हणजे प्रथिनाचीच साखर करणं! ओळखीचे एक निवृत्त संस्कृत शिक्षक या शब्दासाठी हटून बसलेत. च्वि प्रत्यय (शुद्धीकरणातला, ‘जे नव्हतं ते करणं’ सांगणारा) जन्मभर शिकवलेल्या माणसाने असं म्हणावं?

आपल्याकडे ‘जडणे’ आहे की. शर्करा म्हणजे मुळात खडे, रेती. आयुर्वेदात मूतखड्याच्या कणांनाही शर्कराच म्हणतात. गोड पदार्थाला ते नाव दाणेदारपणामुळे मिळालं. पालीत सक्खरा, आपली साखर. (खडीसाखर म्हणताना आपण खडा दोनदा म्हणतो!) आणि खडा कोंदणात काय होतो? जडतो. हे जडणं प्राकृतातल्या ‘जडिअ’चं, रत्न बसवण्याचं, जडपणाशी त्याचं नातं लावणारे चुकतात. सवय जडते, आजार जडतो, तशी साखर जडते.

रसायनातही तेच घडतं. ग्लुकोज आधी हिमोग्लोबिनला नुसतं चिकटतं, तेव्हा सुटूही शकतं. मग बंधाची फेररचना होते आणि ते जडतं. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून रिपोर्टवरच्या टक्क्यात दोन-तीन महिन्यांचा हिशेब दिसतो. डोळ्याच्या भिंगातली प्रथिनं मात्र जन्मभर तीच. तिथे जडलेली साखर मुरते, प्रथिनं एकमेकांत अडकतात, भिंग पिवळटतं. कोलॅजनमध्ये, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या भिंतींना आधार देणाऱ्या प्रथिनात, हेच झालं की रक्तवाहिन्या ताठर होतात.

हे मुरणं डब्यात बघायला मिळतं. वैशाखात उन्हात घातलेलं आंब्याचं साठ (आंबापोळी) सोनेरी असतं; शिमग्याला काढा, तपकिरी झालेलं. विस्तव दाखवलेला नसतो. इतर कारणांबरोबर त्यात साखर आणि अमिनो आम्लांची हीच गाठ असते, जी फ्रेंच रसायनज्ञ मायार यांनी १९१२ मध्ये मांडली.

तर घरात ‘साखर जडलेलं हिमोग्लोबिन’ म्हणा, आणि लॅबवाल्यांना ‘ग्लायकेटेड’ छापायला सांगा.