लॅब्रॅडोर आणि पर्शियन मांजर : संस्था शोधण्याआधी काय करता येईल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : लालबागची चाळ पुनर्विकासाला गेली, दोन महिन्यांत खोली रिकामी करायची आहे, घरातला एक पगार बंद झाला आहे आणि भाड्याने बघितलेल्या जागेचा मालक प्राण्यांना नाही म्हणतो. घरात ७ वर्षांचा, साधारण ३० किलोचा लॅब्रॅडोर आणि ३ वर्षांची पर्शियन मांजर आहे. दोघांना ठेवून घेईल अशी संस्था कोणती?

सरळ सांगायचं तर तशी संस्था मुंबईत मिळणं फार कठीण आहे, आणि एखादीने हो म्हटलं तरी तो पर्याय अगदी शेवटी ठेवा. इथल्या बहुतेक संस्था रस्त्यावरच्या जनावरांसाठी उभ्या राहिल्या आहेत. १९८५ पासून काम करणाऱ्या ‘वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज’च्या नावातच ते आहे. त्यांचे पिंजरे अपघात झालेल्या, खरजेने पिडलेल्या, नसबंदीला आणलेल्या कुत्र्यांनी भरलेले असतात. तिथे माणसांत वाढलेला कुत्रा आला की तो दोन-चार दिवस खाणं सोडतो, मग शेजारच्या पिंजऱ्यातला खोकला त्याला लागतो. मांजराचं त्याहून वाईट. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या, त्यातही अंगाने भरलेल्या मांजराच्या, यकृतात चरबी साचायला लागते आणि मग उपचार करूनही ते हाती लागेलच असं नाही. संस्थेच्या लोकांचा यात काही दोष नाही. जागाच तशी आहे.

म्हणून आधी हिशेब मांडा. ‘परवडत नाही’ या एका शब्दात चार वेगळ्या गोष्टी असतात : खाणं, औषधपाणी, जागा आणि वेळ. तुमच्या बाबतीत जागा हा खरा अडथळा दिसतो, पैसा त्यामागून येतो. जागेचा प्रश्न सुटला तर बाकीचं बरंच कमी करता येतं.

जागेचं बघू. सोसायटीला प्राणी पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत ते स्पष्ट आहे, सर्वसाधारण सभेत बहुमताने ठराव केला तरीही. पण घरमालक ही वेगळी पार्टी आहे. तो आपली जागा भाड्याने देताना नकार देऊ शकतो आणि ११ महिन्यांच्या करारात तशी अट घालू शकतो. त्यामुळे सूचनांची प्रिंट घेऊन मालकाशी भांडण्यात अर्थ नाही, ती सोसायटीच्या सेक्रेटरीसाठी जपून ठेवा. एजंटला पहिल्या फोनवरच ‘एक कुत्रा, एक मांजर’ सांगा. टोकन दिल्यावर सांगितलं की टोकन अडकतं. मालक कचरत असेल तर एक महिन्याचं जादा डिपॉझिट, सोडताना रंगकाम तुमच्याकडून, आणि लसींच्या पुस्तकाची प्रत, एवढं पुढे करून बघा. वयाने मोठे, भुंकण्याची सवय नसलेले लॅब (लॅब्रॅडोर) मालकांना पटवायला सोपे जातात. मात्र होकार मिळाला की लीव्ह अँड लायसन्सच्या करारात ‘भाडेकरूकडे एक कुत्रा व एक मांजर आहे, मालकाची संमती आहे’ ही ओळ घालूनच घ्या. तोंडी होकार पहिल्या तक्रारीला विरतो. पुनर्विकासाच्या काळात बिल्डर देतो ते भाडं लालबाग-परळमध्ये पुरत नसेल तर एक-दोन स्टेशनं पुढे सरकण्याचा विचार करा. कुत्रा असलेल्या घराला तळमजला आणि शांत गल्ली मिळणं पत्त्यापेक्षा महत्त्वाचं आहे.

आता खाणं. इथे लोक सर्वांत जास्त चुकतात, कारण ‘घरचं शिजवलेलं स्वस्त पडतं’ असा समज आहे. ३० किलोच्या, फार न पळणाऱ्या लॅबला दिवसाला साधारण १२०० ते १३०० कॅलरी लागतात. म्हणजे सुकं डॉगफूड ३५० ग्रॅमच्या आसपास, महिन्याला ११ किलोपर्यंत. साध्या ब्रँडची मोठी गोणी घेतली तर सध्या किलोला दोनशे-अडीचशेच्या घरात पडते, म्हणजे अडीच हजारांच्या आसपास. ‘खास लॅब्रॅडोरसाठी’ असं छापलेल्या महागड्या पिशवीला त्याच्या अडीच-तीनपट पैसे जातात. डॉक्टरांनी आजारासाठी लिहून दिलेलं नसेल तर ती बंद करायला हरकत नाही.

तेवढ्याच कॅलरी घरी द्यायच्या तर रोज कच्चे तांदूळ दीडशे ग्रॅम, हाडं काढलेलं उकडलेलं चिकन तीनशे ग्रॅम, भोपळा किंवा दुधी दीडशे ग्रॅम, दोन छोटे चमचे तेल, आणि कॅल्शियमसाठी अंड्याच्या कवचाची बारीक पूड साधारण एक सपाट छोटा चमचा. (कवचं उकळून, कडक वाळवून मिक्सरला लावायची.) अख्खं चिकन आणून हे केलंत तर गोणीपेक्षा स्वस्त पडत नाही, उलट महाग पडेल. स्वस्त पडतं ते चिकनवाल्याकडून सांगाडे आणले तर. कुकरला लावून मांस सोडवून घ्यायचं, पाणी भातात घालायचं आणि हाडं टाकून द्यायची. शिजलेलं हाड टोकदार फुटतं आणि आतड्यात रुततं, त्यामुळे ‘कुत्रा आहे, चावेल’ म्हणून ताटात टाकू नका. कलेजी-पेट्यापैकी पेटा चालेल तेवढा द्या, कलेजी आठवड्यातून दोनदा, लहान तुकडा. रोज कलेजी दिली तर अ जीवनसत्त्व अंगात साठून त्रास होतो. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका अजिबात नकोत, म्हणजे आपल्या फोडणीचा रस्साही नको. नुसतं घरचं वर्षभर दिलं तर जस्त, आयोडीन वगैरे कमी पडतं, म्हणून तंगीच्या काळात निम्मं साधं डॉगफूड आणि निम्मं घरचं हा मेळ सर्वांत बरा. बदल एका दिवसात करू नका. आठ-दहा दिवसांत जुनं कमी, नवं जास्त असं सरकत जा, नाहीतर जुलाब लागतील आणि वाचवलेले पैसे डॉक्टरकडे जातील.

पैसे कमी पडले की मांस कमी होतं आणि दूध-पोळी, दूध-भात वाढतो. त्यात पोट भरतं, वजनही वाढतं, पण केस गळतात, कातडी सुटते, काहींना दूध पचत नाही. त्यापेक्षा आत्ता देताय ते वाटीऐवजी काट्यावर मोजा. घरातले बरेचसे लॅब जाडच असतात. फासळ्या बोटांना सहज लागत नसतील तर डॉक्टरांना विचारून दहा टक्के कमी करा, गुडघ्यांनाही बरं.

मांजराचा खर्च लोक उगाच मोठा धरतात. चार किलोच्या मांजराला दिवसाला साठ ग्रॅमच्या आसपास सुकं खाणं पुरतं, महिन्याला दोन किलोही होत नाही. फक्त कुत्र्याचं खाणं तिला घालू नका. मांजराला टॉरिन हे पोषकद्रव्य लागतं, ते कुत्र्याच्या पिशवीत पुरेसं नसतं, आणि ते कमी पडलं की हृदय आणि डोळे जातात. पर्शियनचं ग्रूमिंग बंद करायचं असेल तर रोज पाच मिनिटं स्टीलच्या फणीने विंचरावं लागेल आणि मागच्या पायांमधले केस कात्रीने आखूड ठेवावे लागतील. हे टाळलं की गुंता कातडीपर्यंत जातो आणि मग भूल देऊन भादरावं लागतं.

औषधपाण्यात काय सोडायचं नाही ते आधी : रेबीजची लस, पावसाळ्याआधी लेप्टोची लस, तीन महिन्यांनी जंताची गोळी (बहुतेक गोळ्या १० किलोला एक, म्हणजे तुमच्या लॅबला तीन) आणि गोचिडांवरचं औषध. मुंबईत जून ते ऑक्टोबर गोचीडताप घराघरांत असतो. त्याच्या रक्ततपासण्या, तीन-चार आठवड्यांचं डॉक्सीसायक्लिन (अँटिबायोटिक) आणि सलाइन यांच्यापुढे गोचिडाच्या गोळीची किंमत काहीच नाही. सोडता येण्यासारखं : केसांची सिरपं, शाम्पू, च्यू स्टिक, वाढदिवसाचे केक.

उपचार लागले तर परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय तुमच्या जवळच आहे. जुन्या लालबागकरांना बैलघोडा हॉस्पिटल म्हटलं की लगेच कळेल. १८७४ मध्ये स्थापन झालेली प्राण्यांवरील क्रूरता रोखणारी मुंबईची संस्था ते चालवते. खासगी दवाखान्यापेक्षा खर्च बराच कमी, पण रांग मोठी, तेव्हा सकाळी लवकर जा आणि जुने कागद बरोबर ठेवा. २०२४ मध्ये महालक्ष्मीला सुरू झालेलं टाटा ट्रस्ट्सचं रुग्णालय मोठ्या आजारासाठी चांगलं आहे, पण ते मोफत नाही, आधी खर्चाचा अंदाज लेखी मागा. कुठल्याही डॉक्टरला पहिल्या पाच मिनिटांत आपलं बजेट सांगा आणि एकच प्रश्न विचारा : या तपासणीने उपचार बदलणार आहे का? अनेक औषधं माणसांचीच असतात. जेनेरिक नाव लिहून घेतलं तर जनऔषधी केंद्रात बऱ्याच कमी किमतीत मिळतात. मात्र मनाने डोस देऊ नका. पॅरासिटामॉलच्या एका गोळीने मांजर जातं, आयबुप्रोफेन कुत्र्याच्या पोटात व्रण पाडतं. रेबीजच्या मोफत लसी २८ सप्टेंबरच्या जागतिक रेबीज दिनाच्या आसपास अनेक ठिकाणी मिळतात, ते दिवस लक्षात ठेवा.

इतकं करूनही जागा मिळाली नाही तर आधी तात्पुरतं घर शोधा, कायमचं नव्हे. बोर्डिंगचा, म्हणजे पैसे देऊन प्राणी ठेवायच्या जागेचा, विचार सोडा, दिवसाला पाचशे-हजार म्हटले तरी महिन्याचा आकडा घरभाड्याएवढा होतो. नातेवाईक, मित्र किंवा फॉस्टर करणारी (प्राणी तात्पुरता सांभाळणारी) माणसं यांच्याकडे तीन महिने ठेवायचं असेल तर एका कागदावर लिहा : खाण्याचे पैसे कोण देणार, आजारी पडला तर किती रकमेपर्यंत विचारल्याशिवाय खर्च करायचा, परत घेण्याची तारीख, आणि त्या तारखेला घेता आलं नाही तर काय. फॉस्टरची बहुतेक भांडणं या चौथ्या ओळीवरून होतात. गावी पाठवायचा विचार असेल तर तिथे कोण आहे ते नीट बघा. सत्तरीतल्या आईवडिलांना ३० किलोचा कुत्रा सांभाळत नाही, मग तो पडवीला बांधला जातो. ट्रेनने न्यायचा तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे किंवा गार्डच्या डब्यातला पिंजरा, एवढेच दोन मार्ग. उन्हाळ्यात पिंजरा नको.

कायमचं द्यायचंच ठरलं तर आजपासून सुरुवात करा. सात वर्षांच्या कुत्र्याला घर मिळायला सहा-आठ आठवडे सहज लागतात, आणि शेवटच्या आठवड्यात माणूस येईल त्याच्या हातात साखळी देतो. दोघांची नसबंदी झाली नसेल तर ती आधी करून घ्या (कुत्र्याचं वय बघता रक्ततपासणी करूनच). हा खर्च टाळण्यासारखा वाटेल, पण लॅब आणि पर्शियन फुकट मिळतात म्हटल्यावर पहिले फोन पिल्लं विकणाऱ्यांचे येतात. ओळखायचे कसे? पहिला प्रश्न ‘पेपर (वंशावळीचे कागद) आहेत का’, ‘मेटिंग झालंय का’. त्यांना तिथेच नको म्हणा. ‘फार्महाऊसवर राखणीला हवाय’ म्हणणाऱ्यालाही. ‘आधी गाडीभाडं पाठवा’ म्हणणारा सरळ भामटा.

जाहिरातीत उणिवा लपवू नका. असं काहीसं पुरे : ‘लॅब्रॅडोर, नर, ७ वर्षे, ३० किलो, नसबंदी व लसी पूर्ण. घरात राहिलेला, मुलांशी व मांजराशी जमतं. फटाक्यांना घाबरतो. जागेच्या अडचणीमुळे द्यायचा आहे, फक्त मुंबई-ठाणे, घर बघून.’ फोटो दिवसाच्या उजेडात, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून. पत्ता टाकू नका. वर्ल्ड फॉर ऑलसारख्या दत्तक देण्याचं काम करणाऱ्या संस्थांनाही हाच मजकूर पाठवा. कुत्रा तुमच्याकडेच राहणार असेल तर त्या जाहिरात पुढे पाठवायला तयार होतात. फोनवर विचारायचं ते : दिवसा घरी कोण असतं, घर स्वतःचं की भाड्याचं, घरातल्या सगळ्यांचा होकार आहे का, आधीचा प्राणी असेल तर त्याचं काय झालं. मग स्वतः त्यांच्या घरी जा. मांजरासाठी खिडक्यांना जाळी आहे का ते बघा. उंच इमारतींतून मांजरं पडतात, आणि नुसत्या ग्रिलमधून ती सहज बाहेर जातात. दोघांना एकत्र घेणारं घर मिळालं तर उत्तम, पण त्यासाठी तीन आठवड्यांपेक्षा जास्त थांबू नका.

देताना न धुतलेली, त्याच्या ओळखीच्या वासाची चादर, भांडं, आठ दिवसांचं खाणं, लसींचं पुस्तक आणि सवयींचा एक कागद द्या. साध्या कागदावर करार करा : विकायचा नाही, जमलं नाही तर परत तुमच्याकडे, पंधरा दिवस चाचणीचे. महापालिकेचा कुत्र्याचा परवाना नव्या मालकाच्या नावावर व्हायला हवा. नवा फोन नंबर असलेला बिल्ला पट्ट्याला आधीच लावा. पहिल्या आठवड्यातच कुत्रे निसटतात आणि जुन्या घराच्या दिशेने धावतात, म्हणून पट्टा आणि हार्नेस दोन्हींना साखळी. मांजर पहिला आठवडा एकाच खोलीत, दार बंद.

घरात कोणी ‘आरेच्या जंगलात सोडून देऊ, जगेल’ म्हणत असेल तर त्यांना सांगा की आरे आणि नॅशनल पार्कच्या कडेला बिबटे कुत्रे खातात, आणि त्याआधी तिथली कुत्र्यांची टोळी परक्याला फाडते. पर्शियन तर रस्त्यावर आठवडाही काढत नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात उपासमार होईल अशा अवस्थेत प्राणी सोडून देणं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये आहे, म्हणजे हसण्यासारखाच, पण नोंद राहते.

उत्तरात एवढं कळवा : दोघांची नसबंदी झाली आहे का, शेवटच्या लसींच्या तारखा, कुत्र्याला काही जुनं दुखणं आहे का, आणि बिल्डरचं भाडं किती मिळणार. त्यावरून आधी जागा शोधायची की आधी फॉस्टर, ते ठरवता येईल.