समाजशास्त्र घेऊन गावाची भांडणं सोडवणार का?

प्रश्न : मॅडम, सादर नमस्कार. मी शिंदखेडा तालुक्यातली. बारावी आर्ट्सला ७८ टक्के मिळाले. समाजशास्त्र घेऊन बी.ए. आणि पुढे एम.ए. करायची इच्छा आहे. आमचे नाना म्हणतात, "नर्सिंग कर. समाजशास्त्र घेऊन काय गावाची भांडणं सोडवणार का?" दादा म्हणतो, एम.ए. झालीस की सरकारी दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक म्हणून लागशील. कोणाचं ऐकू?

उत्तर : दोघांचंही अर्धवट आहे, पण दादाचं ऐकलंस तर जास्त महागात पडेल, म्हणून आधी त्याचं बघू.

समाजशास्त्र आणि समाजकार्य हे दोन वेगळे अभ्यासक्रम आहेत. दवाखान्यातल्या समाजसेवा अधीक्षकाच्या जागेला एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी मागतात, समाजशास्त्राची एम.ए. चालत नाही. अमळनेरला शिकवत असताना मुली अशा जाहिरातींची कात्रणं घेऊन यायच्या, तेव्हा शैक्षणिक पात्रतेची ओळ मी त्यांना मोठ्याने वाचायला लावायची. बऱ्याच जणी तिथेच गप्प व्हायच्या. तुला रुग्ण, बालगृहातली मुलं, समुपदेशन या कामाची ओढ असेल तर बी.ए. समाजशास्त्रातच कर, पण पुढे एम.एस.डब्ल्यू.ला जा. जळगावात समाजकार्याचं महाविद्यालय आहे, त्यासाठी पुणे गाठायची गरज नाही.

आता शिक्षकी पेशा. कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायला एम.ए. आणि बी.एड. लागतं. वरिष्ठ महाविद्यालयासाठी एम.ए.ला ५५ टक्के (राखीव प्रवर्गाला ५०) आणि नेट किंवा सेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा. कायम जागा मात्र क्वचित निघते. तोवर सीएचबी, म्हणजे जेवढे तास घेतले तेवढ्याचे पैसे, आणि उन्हाळ्यात तासही नाहीत नि पैसेही नाहीत. घरातून कोणी पाठीशी असेल तरच ही वाट धर. मी हे गोड करून सांगणार नाही.

स्पर्धा परीक्षांबद्दल थोडक्यात : यूपीएससीला समाजशास्त्र हा वैकल्पिक विषय घेता येतो, दोन पेपर मिळून ५०० गुण. राज्यसेवेची मुख्य परीक्षाही २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे. पण केवळ परीक्षेला सोयीचा म्हणून हा विषय घेऊ नकोस. निकाल मनासारखा लागला नाही तर हातात काय उरतं, तेही आधी पाहा.

हातात उरावं असं वाटत असेल तर या विषयातलं सर्वेक्षणाचं काम शिक. आरोग्य, शेती, पाणी, बचत गट, कुठलीही योजना घे. गावात नेमकं काय चाललंय हे कोणीतरी दारोदार जाऊन विचारावं लागतं, आणि नीट विचारणारी माणसं कमी पडतात. साधी गोष्ट सांगते. "घरात किती माणसं?" हा फॉर्मवरचा पहिला प्रश्न. एका छपराखाली तीन भाऊ राहतात, चुली दोन. मग कुटुंबं किती धरायची? पाहणीत साधारणपणे एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब धरतात. मधला भाऊ दिवाळीनंतर बायको-मुलांसह ऊसतोडीला गुजरातेत गेलेला असतो, म्हातारी म्हणते "तो आमनाच शे", म्हणजे तो आमचाच आहे. त्याला मोजायचं की नाही? अशा ठिकाणी पुस्तक वाचलेला आणि न वाचलेला सर्वेक्षक लगेच ओळखू येतो. शहरातून आलेली पोरं प्रमाण मराठीत प्रश्न वाचतात आणि समोरची बाई हो-हो करून मोकळी होते. "तुमना घरमा कितला माणसे शेतस?" असं विचारलं की तीच बाई ओट्यावर बसवून सगळी भाऊबंदकी सांगते. तुझी अहिराणी, ही आपली खानदेशी बोली, इथे पात्रताच समज, लाजू नकोस. धडगाव-अक्कलकुव्याकडे काम करायचं तर पावरी किंवा भिली या तिकडच्या आदिवासी बोली थोड्या तरी शिकून घे.

यातलं उच्च शिक्षण हवं असेल तर मुंबईत देवनारला लोकसंख्या विज्ञान संस्था आहे, १९५६ पासूनची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी तीच संस्था राबवते. तिथे लोकसंख्या अभ्यासात एम.ए. होतं. त्याच भागात टाटा सामाजिक विज्ञान संस्था. दोन्हीकडे प्रवेश परीक्षा असते, तयारी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षापासून सुरू कर. नाहीतर आपलं जळगावचं विद्यापीठ आहेच. काम कुठे मिळतं म्हणशील तर संशोधन संस्था, स्वयंसेवी संस्था, 'उमेद'सारखी सरकारी अभियानं, कंपन्यांचे सीएसआर, म्हणजे सामाजिक कामाचे विभाग. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांचं मूल्यांकन आणलं, तिथेही अशी माणसं लागतात. बहुतेक नेमणुका कंत्राटी असतात, हेही नानांना आधीच सांगून ठेव.

बी.ए. करतानाच एक काम कर. तुमच्या पट्ट्यातली किती घरं सुरतेला गेली? तापी लाइनची गाडी धरून पोरगा सुरतेजवळ उधन्याला उतरतो, पण कोणाच्या ओळखीवर? मामाच्या, मेव्हण्याच्या की गावच्या ठेकेदाराच्या? सून सोबत जाते की इथे कापूस वेचते? पन्नास घरांना विचार, एक्सेलमध्ये भर आणि दहा पानं लिही. मुलाखतीला गेल्यावर गुणपत्रिकेच्या आधी ती दहा पानं पुढे कर.

राहिले नाना. हे काल निघालेलं फॅड नाही म्हणावं. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ साली सुरू झाला, आणि तो पुढे ज्यांनी वाढवला ते गोविंद सदाशिव घुर्ये आपल्या मालवणचे. भांडणं सोडवायचं काम नानांकडेच राहू दे. तू फक्त कोणाकोणात आणि कशावरून झालं ते लिहून ठेव.

प्रश्न : मी एसटीत वाहक आहे, एरंडोलला राहतो. बी.ए. झालं आहे. नोकरी न सोडता समाजशास्त्रात एम.ए. करता येईल का? पदवीला किंमत राहील का?

उत्तर : येईल. इग्नूचं, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचं, समाजशास्त्रातलं एम.ए. दूरस्थ पद्धतीने होतं आणि यूजीसीची मान्यता असलेली अशी पदवी नेट-सेटला चालते. स्वाध्याय वेळेवर पाठवा, बहुतेक जण तिथेच अडकतात. आणि भाऊ, आठवडी बाजाराच्या दिवशी तुमच्या गाडीत कोण कुठे चढतं, काय घेऊन जातं, कोण कोणाला जागा देतं याची एक वही ठेवा. प्रकल्पाचा विषय तुमच्या गाडीतच बसलाय. त्याचा आराखडा केलात तर मला दाखवा, मी वाचेन.