पटावरचे प्रश्न

प्रश्न (फोंडा): २०२५ मध्ये बुद्धिबळाचा विश्वचषक गोव्यात झाला, तेव्हापासून रोज रात्री मोबाईलवर तीन-तीन मिनिटांचे दहा-बारा डाव खेळतो. ओपनिंगचे, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरावीक चालींचे व्हिडिओही पाहतो. रेटिंग (खेळाची ताकद सांगणारा आकडा) मात्र हजाराच्या आसपासच घुटमळते. आता कुठले ओपनिंग शिकू?

उत्तर: एकही नको. या पातळीवर डाव जातो तो बहुधा फुकट दिलेल्या उंट-घोड्यामुळे. तीन मिनिटांत हात सवयीचेच खेळतो, चुकांसकट. त्याऐवजी आठवड्याला दोनच डाव खेळा, पण १५ मिनिटांचे, दर चालीमागे १० सेकंद वाढीव.

डाव संपल्या संपल्या इंजिन, म्हणजे चाली तपासणारा संगणकाचा प्रोग्राम, लावू नका. चाल चुकली एवढे ते सांगते, तुम्ही ती का केली हे त्याला ठाऊक नसते. आधी वहीत तीन चाली उतरवा, जिथे सर्वांत जास्त वेळ गेला किंवा डाव फिरला असे वाटते त्या. तेव्हा डोक्यात काय होते तेही एका ओळीत लिहा. मग इंजिन लावा आणि चुकीसमोर कारण टाका: धमकी दिसली नाही, मोजणी चुकली, की घाई झाली. वीसेक डावांत एकच कारण पुन्हा पुन्हा येऊ लागते. बहुतेक वेळा ते पहिलेच असते.

त्यावरचा उपाय कंटाळवाणा आहे. समोरच्याची चाल झाली की आपला बेत बाजूला ठेवून पाहायचे: शह कुठून बसतो, काय मारले जाते, पुढच्या चालीत त्याला काय हवे आहे. आपली चाल ठरली की हात लावण्यापूर्वी हेच पुन्हा. पटावरची कोडी (दिलेल्या स्थितीत सर्वोत्तम चाली शोधायच्या) रोज २० मिनिटे पुरेत. मात्र शेवटच्या चालीपर्यंत मनात मोजल्याशिवाय पहिली चाल करायची नाही. चुकलेली कोडी आठवड्याने परत सोडवा.

प्रश्न (मडगाव): एक प्यादे जास्त, बाकी फक्त राजे. तरी डाव बरोबरीत सुटतो. असे का?

उत्तर: प्यादे आधी पळवत असाल. पट मांडा (उभ्या पट्ट्या ए ते एच, आडव्या ओळी पांढऱ्याकडून १ ते ८): पांढरा राजा ई५, प्यादे ई४, काळा राजा ई७. पाळी पांढऱ्याची असेल तर बरोबरी. काळ्याची असेल तर त्याला हटावेच लागते: तो डी७ला गेला की पांढरा राजा एफ६वर, एफ७ला गेला की डी६वर, आणि प्यादे वजीर होते. आता तेच प्यादे ई३वर ठेवा, पाळी पांढऱ्याची. ई४ केले की पाळी काळ्यावर, डाव जिंकला! म्हणून राजा पुढे, आणि प्याद्याची एक चाल शिलकीत. कडेच्या ए किंवा एच पट्टीतल्या प्याद्याला हे लागू नाही; काळा राजा कोपऱ्यात पोचला की बरोबरीच.

प्रश्न (म्हापसा): आजवर मोबाईलवरच खेळलो. पहिल्या स्पर्धेत काय सांभाळू?

उत्तर: मोहऱ्याला हात लावला की तोच चालवावा लागतो. कॅसलिंग (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणे) करताना आधी राजा धरा. हत्तीला आधी हात लागला तर त्या चालीत त्या बाजूचे कॅसलिंग करता येत नाही. चाल ज्या हाताने केली त्याच हाताने घड्याळ दाबा. चाल कागदावर लिहायची ती केल्यानंतर, आधी नाही. आणि मोबाईल घरीच ठेवा. खेळताना तो वाजला तर डाव गेलाच समजा.